भडकलेल्या प्रतिकारशक्तीवर मूलपेशींचा उतारा: किती खरा, कुठे खरा

२०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत 'सायटोकाइन स्टॉर्म' हे शब्द बऱ्हाणपूरच्या घराघरांत पोचले. खांडवा, जळगाव, भुसावळ, इंदूर, जिथे खाट मिळेल तिथे माणसं नेली जात होती आणि हे वादळ शमवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या टोसिलिझुमॅब या औषधाच्या एका कुपीसाठी नातेवाईक शहरं पालथी घालत होते. विषाणूचा जोर ओसरू लागल्यावरही माणूस का दगावतो, हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदाच कळलं. शरीराची संरक्षक यंत्रणा बेभान होते आणि विषाणूनं शाबूत ठेवलेलं फुप्फुस ती स्वतःच जाळून टाकते. याच काळात आणखी एक नाव लोकांच्या कानांवर पडू लागलं होतं: स्टेम सेल, म्हणजे मूलपेशी. बीजिंगच्या यूआन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०२०च्या सुरुवातीलाच कोविडच्या ७ रुग्णांना या पेशी दिल्या आणि रुग्ण सुधारल्याचं कळवलं. ती बातमी जगभर फिरली. साथ गेली, पण 'स्टेम सेलनं होईल' हा विश्वास मागे राहिला. आज संधिवात, ल्युपस, क्रोन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस असं काहीही निदान झालं की कुटुंबातलं कोणीतरी हा प्रश्न विचारतंच.

प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचं एकच उत्तर देणाऱ्यापासून सावध राहायला हवं, कारण मूलपेशी हे एका औषधाचं नाव नव्हे. प्रतिकारशक्तीच्या अतिरेकावर दोन अगदी वेगळ्या जातींच्या पेशी वापरल्या जातात. पहिल्या जातीच्या पेशी अस्थिमज्जेत रक्त तयार करतात. त्या दिल्या जातात तेव्हा रुग्णाची जुनी प्रतिकारशक्ती औषधांनी मुळासकट काढलेली असते. रोगट केळीबाग उपटून त्याच रानात नवी लागवड करावी, तसा हा प्रकार. दुसरी जात मेसेन्कायमल पेशींची. त्या काही उपटत नाहीत आणि रुजतही नाहीत, भडकलेल्या पेशींना शांत करतात. पहिल्या उपायाच्या पाठीशी काही दशकांचा पुरावा आहे आणि त्याचे धोकेही तितकेच मोठे आहेत. दुसरा बराच सुरक्षित आहे, पण त्याचा पुरावा फार थोड्या आजारांपुरता आहे. बाजारात मात्र पहिल्याची पुण्याई सांगून दुसरा विकला जातो. सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे.

अतिरेकाचं सगळ्यात उघडं रूप लहान मुलांच्या एका आजारात दिसतं. हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस हे त्याचं लांबलचक नाव; डॉक्टर त्याला एचएलएच म्हणतात. ताप उतरत नाही, प्लीहा आणि यकृत वाढतं, रक्तातल्या पेशी घटत जातात, फेरिटिनचा आकडा हजारांत जातो. निरोगी शरीरात मारेकरी पेशी विषाणूग्रस्त पेशीला परफोरिन नावाच्या प्रथिनानं भोकं पाडून मारतात आणि मग थांबतात. काही मुलांत हे प्रथिन जन्मतःच सदोष असतं. बाधित पेशी मरत नाही म्हणून मारेकरी पेशी थांबत नाही. ती रसायनांचे इशारे सोडत राहते आणि त्यांनी चेकाळलेल्या भक्षक पेशी शरीराचंच रक्त गिळू लागतात. एडिनबरोच्या फर्कर आणि क्लॅरो या डॉक्टरांनी १९५२ मध्ये एकाच कुटुंबातल्या भावंडांमध्ये हा आजार नोंदवला. त्यानंतर कित्येक वर्षं तो झालेलं मूल बहुधा वाचत नसे. १९९४ पासून एटोपोसाइड आणि डेक्सामेथासोन यांवर आधारलेली उपचारपद्धती जगभर वापरली गेली. तिनं वादळ शमवायचं आणि आजार आनुवंशिक असेल तर लगेच रक्तमूलपेशींचं प्रत्यारोपण करायचं, असा क्रम ठरला. त्या पद्धतीनं उपचार झालेली सुमारे ५४ टक्के मुलं ५ वर्षांनी जिवंत होती. आनुवंशिक एचएलएच कायमचा बरा करायला आजही प्रत्यारोपणाचाच आधार आहे.

या आजाराचा आपल्याकडचा अभ्यास मुंबईत परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारात उभा राहिला. तिथल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयआयएचमध्ये, डॉ. मनीषा मडकईकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लो सायटोमेट्रीच्या यंत्रावर मुलांच्या पेशींतलं परफोरिन मोजून मूळ दोष हुडकण्याचं काम वर्षानुवर्षं केलं आहे. या तपासणीचं मोल मोठं आहे. हुबेहूब असंच चित्र डेंग्यू, स्क्रब टायफस किंवा एप्स्टाइन-बार विषाणूच्या संसर्गातही दिसतं. तेव्हा मूळ संसर्गावर इलाज आणि स्टेरॉइड एवढ्यानंही मूल अनेकदा सावरतं. प्रत्यारोपणाची गरज नसते. एका मुलाचा जीव मूलपेशींवाचून वाचणार नसतो, तर शेजारच्या खाटेवरच्या, तशाच दिसणाऱ्या मुलाला त्या देणं म्हणजे विनाकारण जीव धोक्यात घालणं असतं. हा फरक ओळखणं हाच उपचाराचा अर्धा भाग आहे, आणि जाहिरातीत तो कधीच सापडत नाही.

भारतातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो प्रत्यारोपण मार्च १९८३ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. रुग्ण ९ वर्षांची ल्युकेमियाची मुलगी होती. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे चाकाच्या खुर्चीतून वावरणारे अडवाणी हे तंत्र अमेरिकेत सिएटलला शिकून आले होते. तिथल्या डॉनल थॉमस यांना याच कामासाठी १९९० मध्ये नोबेल मिळालं. पण प्रत्यारोपणाची खरी कसोटी मज्जा रुजल्यानंतर लागते. दात्याच्या पेशींसोबत त्याची प्रतिकारशक्तीही येते. तिला नवं शरीर परकं वाटतं आणि ती रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यावर, यकृतावर तुटून पडते. याला ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज, म्हणजे जीव्हीएचडी म्हणतात. अतिरेक मोडायला आणलेला उपाय अशा रीतीनं दुसरा अतिरेक सोबत घेऊन येतो. पहिला इलाज स्टेरॉइडचा. त्याला जवळपास निम्मे रुग्ण पुरेशी दाद देत नाहीत, आणि त्यांतल्या ज्यांची आतडी सोलवटून निघतात त्यांना वाचवणं फार कठीण असतं.

मेसेन्कायमल पेशींचं नाव झालं ते नेमकं या टोकावर. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या कातारिना ल ब्लांक यांच्यासमोर ९ वर्षांचा एक मुलगा होता. जीव्हीएचडी चौथ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर पायरीवर पोचलेला, औषधं थकलेली. त्यांनी त्याच्या आईच्या अस्थिमज्जेतून या पेशी काढल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या आणि शिरेतून दिल्या. मुलगा सावरला. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ही हकिगत छापून आली. २००८ मध्ये त्यांच्याच गटानं ५५ रुग्णांचे निकाल मांडले, त्यांपैकी ३० जणांत रोगाची लक्षणं पूर्ण मावळली होती. हरलेल्या डावात हे आकडे थक्क करणारे होते.

या पेशींचा इतिहास मॉस्कोपासून सुरू होतो. अलेक्झांडर फ्रिडेनस्टाइन यांनी १९६० आणि ७०च्या दशकांत अस्थिमज्जेतल्या, काचेला चिकटून वाढणाऱ्या आणि हाड घडवू शकणाऱ्या पेशी दाखवल्या. क्लीव्हलंडच्या अर्नोल्ड कॅपलन यांनी १९९१ मध्ये त्यांना मेसेन्कायमल स्टेम सेल म्हटलं. या पेशी झिजलेल्या अवयवाच्या जागी नवा अवयव घडवतील, अशी तेव्हा अपेक्षा होती. प्रत्यक्षात शिरेतून दिलेल्या बहुतेक पेशी फुप्फुसातच अडकतात आणि काही दिवसांत मरतात. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या फ्रान्चेस्को दाझी यांच्या गटानं २०१७ मध्ये त्याहून विलक्षण गोष्ट दाखवली: रुग्णाच्या मारेकरी पेशी या पाहुण्या पेशींना मारतात, मेलेल्या पेशी भक्षक पेशी गिळतात आणि त्यातून शमनाचे इशारे सुटतात. ज्या रुग्णांच्या शरीरात हे मारणं जोरकस होतं, त्यांनाच गुण येण्याची शक्यता जास्त दिसली. कॅपलन यांनीही पुढे, या पेशींना मूलपेशी म्हणणं आता थांबवा, असं जाहीरपणे लिहिलं. तरी 'शरीरात जाऊन नवे अवयव घडवणाऱ्या पेशी' हे वर्णन माहितीपत्रकांतून अजून हटलेलं नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्थेत, एनसीसीएसमध्ये, डॉ. मोहन वाणी यांच्या प्रयोगशाळेनं या विषयाला वेगळ्या अंगानं हात घातला. इंटरल्यूकिन-३ हे प्रथिन उंदरांतला संधिवात रोखतं आणि दाह आवरणाऱ्या नियामक पेशींना बळ देतं, हे त्यांच्या गटानं दाखवलं. याच प्रथिनामुळे माणसाच्या मेसेन्कायमल पेशींचं स्थलांतर वाढतं, असं अमृता बऱ्हाणपूरकर-नाईक आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलं. पेशी हव्या त्या जागी पोचत नाहीत ही या उपचाराची मोठी उणीव असल्यामुळे हे काम महत्त्वाचं ठरतं. अर्थात ते प्रयोगशाळेतलं आहे, दवाखान्यातलं नव्हे.

स्टॉकहोमच्या यशानंतर मोठ्या चाचण्या झाल्या आणि तिथे कहाणी अडखळली. ऑसिरिस या अमेरिकन कंपनीच्या पेशी २००९ मध्ये तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत मुख्य कसोटीला उतरल्या नाहीत. मुलांमध्ये मात्र आशा दिसत होती, म्हणून कॅनडानं २०१२ मध्ये मुलांसाठी अटींसह परवानगी दिली. जपाननं २०१५ मध्ये टेमसेल हे उत्पादन मान्य केलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ऑस्ट्रेलियाच्या मेसोब्लास्ट कंपनीला २०२० आणि २०२३ मध्ये, असं दोनदा परत पाठवलं. शेवटी १८ डिसेंबर २०२४ रोजी रायॉन्सिल या नावानं मंजुरी मिळाली. अमेरिकेत मान्य झालेला हा पहिलाच मेसेन्कायमल पेशींचा उपचार. मंजुरीचा आधार ५४ मुलांची चाचणी होती, ज्यांतल्या ७० टक्के मुलांनी २८व्या दिवसापर्यंत दाद दिली. परवानगी फक्त मुलांसाठी आणि फक्त स्टेरॉइडला न जुमानणाऱ्या तीव्र जीव्हीएचडीसाठी आहे. एका मात्रेची किंमत १ लाख ९४ हजार डॉलर, म्हणजे दीड कोटी रुपयांहून जास्त, आणि ४ आठवड्यांत मात्रा ८ द्यायच्या. एवढ्यात रुक्सोलिटिनिब नावाची साधी गोळी याच आजारावर पुढे आली. २०२०च्या चाचणीत तिला ६२ टक्के रुग्णांनी दाद दिली, इतर उपलब्ध उपचारांना ३९ टक्क्यांनी. पेशींना आता त्या गोळीशी स्पर्धा करायची आहे.

कोविडमधल्या आशेचं काय झालं? गंभीर फुप्फुसदाहाच्या ६० रुग्णांवर अमेरिकेत साथीच्या आधीच चाचणी झाली होती. पेशी सुरक्षित ठरल्या, मृत्यू घटले नाहीत. कोविडच्या काळात मेसोब्लास्टनं ३०० रुग्णांची चाचणी आखली, पण मृत्यू कमी होण्याची चिन्हं न दिसल्यानं डिसेंबर २०२० मध्ये २२२ रुग्णांवर भरती थांबवली. त्याआधीच, जून २०२० मध्ये, ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीनं दाखवलं होतं की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोननं एक तृतीयांशानं घटतात. हे औषध गावच्या मेडिकलवर काही रुपयांना मिळतं. भव्य दिसणाऱ्या उपचाराला साध्या औषधानं मागे टाकल्याचं यापेक्षा ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

आतड्याच्या क्रोन्स आजारातल्या भगंदरासाठी युरोपनं २०१८ मध्ये अलोफिसेल या मेसेन्कायमल पेशी मान्य केल्या. दुसऱ्या, अधिक मोठ्या चाचणीत त्यांच्यात आणि दिखाऊ औषधात अर्थपूर्ण फरक राहिला नाही. २०२४च्या अखेरीस त्या बाजारातून मागे घेतल्या गेल्या. मंजुरी मिळालेला उपचारही पुराव्यापुढे टिकला नाही तर परत जातो, हे चांगलं लक्षण आहे.

रक्तमूलपेशींच्या बाजूला चित्र अधिक भक्कम आहे, आणि अधिक कठोरही. त्वचा आणि फुप्फुसं दगडासारखी करत नेणाऱ्या गंभीर स्क्लेरोडर्मात ७५ रुग्णांची अमेरिकन चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. जुनी प्रतिकारशक्ती संपवून स्वतःच्याच मूलपेशी परत दिलेल्यांपैकी ८६ टक्के रुग्ण ६ वर्षांनी जिवंत होते. फक्त सायक्लोफॉस्फमाइड घेतलेल्यांपैकी ५१ टक्के. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या ११० रुग्णांच्या २०१९च्या चाचणीत प्रत्यारोपण झालेल्या ३ जणांचा आजार बळावला, औषधांवर ठेवलेल्यांपैकी ३४ जणांचा. पण युरोपातल्या आधीच्या स्क्लेरोडर्मा चाचणीत पहिल्याच वर्षी सुमारे १० टक्के रुग्ण उपचारामुळेच दगावले होते. म्हणून हा मार्ग निवडक रुग्णांसाठी, आजार अवयव पुरते मोडण्याआधी आणि अनुभवी केंद्रातच घ्यायचा असतो. जर्मनीच्या एर्लांगेनमध्ये गेओर्ग शेट यांच्या गटानं ल्युपसवर कार-टी, म्हणजे प्रयोगशाळेत बदल केलेल्या टी-पेशी वापरून मिळवलेले निकाल याहून थरारक आहेत. आयआयटी मुंबईचे राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या देशी कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, तीही रक्ताच्या काही कर्करोगांपुरती. शिवाय कार-टी पेशी मूलपेशी नव्हेत.

भारतातला नियम खरं तर स्वच्छ आहे. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आणि प्रतिकारशक्तीच्या ठरावीक आजारांतलं रक्तमूलपेशी प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे; बाकी सगळा वापर मंजूर वैद्यकीय चाचणीतच व्हायला हवा. २०१९च्या नियमांनी मूलपेशींपासून बनवलेल्या उत्पादनाला नव्या औषधाचा दर्जा दिला. जे थोडं मान्य झालं आहे त्यात बंगळुरूच्या स्टेमप्यूटिक्सचं स्टेमप्यूसेल आहे. बर्गर्स डिसीज या रोगात तंबाखू आणि बिडी ओढणाऱ्यांच्या पायाच्या रक्तवाहिन्या दाहामुळे बुजतात आणि पाय कापायची पाळी येते. अशा रुग्णांच्या पोटरीत या पेशी टोचल्या जातात. २०१६ मध्ये मर्यादित आणि २०२० मध्ये पूर्ण परवानगी मिळाली. त्यातही बिडी सुटली नाही तर काही उपयोग नाही, हे डॉक्टर पहिल्याच भेटीत सांगतात.

तरीही शहराशहरांत पैसे घेऊन 'प्रतिकारशक्ती संतुलित करणारी' सलाइन चढवली जातात. गुजरात, महाराष्ट्र, मध्य प्रदेश यांच्या सांध्यावरच्या गावांतून लोक त्यासाठी जमीन गहाण ठेवून जातात, याचं दुःख व्हायला हवं. उपचार खरोखर चाचणीचा भाग असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत त्याचा क्रमांक असतो आणि प्रयोगाच्या पेशींसाठी रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. क्रमांक मागितल्यावर जिथे विषय बदलला जातो, तिथून परत फिरावं.

बऱ्हाणपूरपुरता पाहिला तर मूलपेशींचा खरा प्रश्न वेगळ्याच ठिकाणी आहे. नेपानगर आणि खकनारच्या बाजूला, सातपुड्याच्या कुशीत भिल्ल, बारेला, कोरकू वस्ती आहे, आणि मध्य भारताच्या या पट्ट्यात सिकलसेल मुरलेला आहे. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्येच मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट'मध्ये केली होती. हा आजार नुसता वाकड्या रक्तपेशींचा नाही. त्या पेशी रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सतत डिवचत राहतात, शरीर कायम दाहाच्या उंबरठ्यावर असतं, आणि छातीत तो भडकला की काही तासांत जीव धोक्यात येतो. या आजारावर रक्तमूलपेशींचा उपचार खरोखर चालतो. ऊतींच्या खुणा, म्हणजे एचएलए, जुळणाऱ्या भावंडाची मज्जा मिळालेल्या १,००० रुग्णांचा आंतरराष्ट्रीय आढावा २०१७ मध्ये आला. ५ वर्षांनी जवळपास ९३ टक्के रुग्ण जिवंत होते आणि वय जितकं लहान, तितके निकाल चांगले होते.

सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक. न जुळल्यास आई-वडिलांची अर्धी जुळणारी मज्जा घेता येते, पण मग जीव्हीएचडीचं भय वाढतं. ल्युकेमियात थोडा जीव्हीएचडी उरलेल्या कर्कपेशींवरही तुटून पडतो, म्हणून त्याचा थोडा फायदा असतो. सिकलसेलमध्ये असा कोणताही फायदा नाही, तो निव्वळ नुकसान करतो. इथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रुळलेली पद्धत कामी येते: मज्जा दिल्यानंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे जुनं, स्वस्त औषध द्यायचं. ते नेमक्या त्या वेळी चवताळून वाढू पाहणाऱ्या पेशी मारतं, मूलपेशी मात्र वाचतात. भारतासारख्या देशात प्रत्यारोपणाचं दार या एका औषधानं जितकं उघडलं, तितकं कोट्यवधींच्या पेशींनी उघडलेलं नाही.

बऱ्हाणपूरहून सुमारे १८० किलोमीटरवर इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात २०१८ मध्ये सरकारी प्रत्यारोपण केंद्र सुरू झालं, तेही न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले डॉ. प्रकाश सतवानी यांच्या मार्गदर्शनानं. थॅलेसेमिया या दुसऱ्या रक्तविकाराच्या मुलांना प्रत्यारोपणासाठी कोल इंडियाकडून २०१७ पासून १० लाखांपर्यंत मदत मिळते. १ जुलै २०२३ रोजी शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं. ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट. तपासणीनं रुग्ण सापडतो, पण त्यापुढची वाट लांब आहे. नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन यांनी कमी मात्रेतल्या हायड्रॉक्सियुरियानं मुलांच्या वेदनेचे झटके किती घटतात हे दाखवून दिलं आहे. ती गोळी महिन्याच्या महिन्याला गावाजवळ मिळायला हवी. ज्या मुलांना प्रत्यारोपणाची गरज आहे त्यांची आणि त्यांच्या भावंडांची एचएलए तपासणी ती लहान असतानाच व्हायला हवी, आणि तिचे नमुने जिल्हा रुग्णालयातून इंदूरला नियमित गेले पाहिजेत. प्रत्यारोपण झालेल्या मुलाला पहिले काही महिने अंगावर पुरळ किंवा जुलाब दिसताच त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो, कारण जीव्हीएचडी तसाच सुरू होतो. म्हणून त्या काळात कुटुंबाला इंदुरातच राहायची सोय आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई लागते. उपचाराच्या मदतीत हा खर्चही मोजला गेला, तर खकनारच्या मुलाला ते प्रत्यारोपण पेलेल.